दुसरा झोत

क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे धगधगते केंद्र. त्यातून विरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. आपल्याकडे रोखलेला झोत रेडिओ दुर्बिणीला ठळक दिसतो. पलीकडे जाणारा बहुधा दिसतच नाही. एका क्वेसारचा हा दुसरा झोत मला रेडिओ नकाशात ठिपक्यासारखा दिसला, असे मी उमेदीच्या वयात प्रसिद्ध केले होते. नागपुरात माझा जो काही मान आहे, तो त्या पुसट ठिपक्याचा.

माझ्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी तोच क्वेसार नव्या निरीक्षणांतून रेखाटला. ठिपका नव्हता. तिने नकाशा माझ्यापुढे ठेवला. मी रागावलो नाही. मला रागावता येत नाही, आणि याचा मला अभिमानही होता. पुन्हा एकदा पाहा, एवढेच म्हणालो.

असा नकाशा करताना आकाराचा एक अंदाज आधी धरावा लागतो आणि त्याच्या आधारे मोजमापांतल्या चुका दुरुस्त कराव्या लागतात. अंदाज हट्टाचा असेल, तर तोच नकाशात उमटतो. हे मीच तिला शिकवले होते; तरीही दुसरा झोत धरून सुरुवात कर, असे सुचवत राहिलो. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारी ती मुलगी एका दुपारी म्हणाली,

"सर, दिसेपर्यंत पाहूनच राहायचं का?"

पुढच्या नकाशात ठिपका होता. तिला पदवी मिळाली, आणि तिने हा विषय कायमचा सोडला.

अलीकडे अधिक संवेदनक्षम दुर्बिणीची निरीक्षणे हाती आली, तेव्हा झोत गृहीत न धरता मी स्वतः नकाशा केला. तिथे काहीच नव्हते. मी दुरुस्तीचा लेख लिहिला. हे प्रथम तिने ओळखले होते, असे त्यात स्पष्ट नोंदवले. लेख घेऊन इतवारी बाजारात गेलो. तिथे ती वडिलांचे भांड्यांचे दुकान चालवते. गिऱ्हाइकाला थांबवून तिने तो वाचला.

"माझं नाव काढून टाका, सर."

श्रेय तुझेच आहे, असे मी म्हणालो.

"कायचं श्रेय? तुम्हाले पाहिजे होता तसा ठिपका मीच काढून दिला ना. लोक विचारतील, दिसत नव्हता तर काहून दाखवला."

मग चहा घेणार का, असे विचारून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

मी नाव काढून टाकले. लेख प्रसिद्ध झाला. आता परिचितांची पत्रे येतात: स्वतःची चूक स्वतः शोधून ती मान्य करणारी माणसे विरळाच. मी आभार कळवतो. याहून खरे काही लिहायचे, तर तिचे नाव लिहावे लागेल.