पहिली घागर

आज सकाळी आमच्या लातूरच्या गल्लीत टँकर आला. ओल्या धुळीत मिसळलेल्या डिझेलच्या वासाने मला औशाजवळच्या त्या खेड्यात नेले, जिथे मी नवी शिक्षिका होते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. टँकर विहिरीत रिकामा होई. मग ज्याचे हात बळकट, त्यालाच पाणी मिळे. बाळंतीण शांताची सासू रोज रिकामी घागर घेऊन परते.

एके दिवशी गावची सुईण गयाबाई विहिरीपुढे उभी राहिली. "डायवर भाऊ, पानी हिरीत सोडू नको. रांगेनं घागरीत सोड. बाळंतिणीची घागर पहिली."

"आन् माझी?" सरपंचांनी मिशीत हसत विचारले.

"तुमची शेवटी, मालक. ह्याच हातानं तुमाला जगात आणलं. तवाबी तुमाला लई घाई व्हती!"

सारा गाव हसला. सरपंचही हसले आणि त्यांनी आपली घागर खरोखरच शेवटी ठेवली. शांताच्या घागरीत पडणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज मला अजून ऐकू येतो.

बादली घेऊन मी खाली उतरले आणि रांगेतल्या बायकांना आधी विचारले, "आपल्या गल्लीत बाळंतीण कुणाच्या घरी आहे?"