माझ्या आवाजातली हळद

भडगावला भावाच्या मुलीची हळद होती. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात जमलेल्या बायकांची नावं गुंफतात, आणि आमच्या घरात ते काम कायम माझ्याकडे असायचं. जिचं नाव येईल ती उठते, गाणारीच्या तोंडात गुळाचा खडा घालते आणि मिरवत जागेवर जाऊन बसते. जिचं राहिलं ती लग्न लागेपर्यंत गाल फुगवून बसते. म्हणून गायला बसण्याआधी कोणाचं कोणाशी बिनसलंय, ते मी हळूच काढून घ्यायचे. भांडलेल्या दोन जावांची नावं लागोपाठ आली, तर नंतर शिव्या मीच खायच्या.

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं संपलं. बोलता येतं, पण सूर लावायला गेलं की नुसती हवा निघते.

भाचा धुळ्याहून स्पीकर घेऊन आला होता. माझ्या गाण्यांच्या जुन्या व्हिडिओंवरून त्याने एआयकडून नवीन गाणं करून घेतलं होतं. "फुई, आवाज तुझाच आहे. मेहनत तेवढी मशीनची," तो म्हणाला. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

गाणं सुरू झालं. वरचा सूर घेण्याआधी मी घ्यायचे तो श्वाससुद्धा त्यात होता. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं मी ऐकत होते. राग यायला हवा होता, आला नाही.

पहिलं नाव आलं. ती बाई गूळ घेऊन उठली आणि मध्येच अडली. स्पीकरकडे जावं की माझ्याकडे? बायका हसल्या. शेवटी ती माझ्यापाशी आली. "अक्का, तुन्हा आवाज आजूनबी तसाच शे!"

मी तोंड उघडलं. मग एकेक येत गेली आणि मी खात राहिले. भांडलेल्या जावांची नावं लागोपाठ आली, तरी कोणी ब्र काढला नाही. मशीनवर रुसून करणार काय?

गाणं संपलं. वहिनी ताट घेऊन माझ्याजवळ टेकली. "बठ्ठास्ना नावं उनात," कोणाचंच राहिलं नाही म्हणून ती खुशीत म्हणाली. मग माझ्याकडे बघून थबकली. "तुन्हं नही उनं ना वं?"

भाच्याने नावं माझ्या जुन्या गाण्यांमधून उचलली होती, आणि त्यांतल्या एकाही गाण्यात मी नव्हते. "गाणारी स्वतःचं नाव घेत नाही," मी म्हटलं.

"पन आज तू कोठे गायनी?"

तिच्या मनात काहीच नव्हतं. तिने सहज विचारलं आणि चहाचं बघायला उठून गेली. मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.