कळसाडीला लाल काच घेऊन

डोंगर दिसला पाहिजे, ही अट होती. अट रामदासची. रामदास लष्करात मोटारलॉरी चालवतो. लढाई सुरू झाल्यापासून तो मिसरच्या वाळवंटात आहे, आणि तिथून त्याने घरी कळवलं होतं की बायकोचा एक फोटो पाठवा. ती शेतात उभी, आणि मागे आपला डोंगर. त्याची बायको, सुंदर तिचं नाव, माझी जुनी विद्यार्थिनी. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथे ती चौथीपर्यंत होती. तिचा भाऊ कामानिमित्त धुळ्याला आला तेव्हा निरोप देऊन गेला, "बाई, कॅमेरा घेऊन कळसाडीला या." नाताळची सुट्टी तोंडावर आली होती. मी हो म्हटलं.

कॅमेरा माझ्या यजमानांचा, घडीचा, भात्याचा. ते गेल्यावर दोन वर्षं तो ट्रंकेत पडून होता. मग एके दिवशी काढला, पुसला आणि फिल्म वाया घालवायला सुरुवात केली. आता इतपत जमतं की छिद्र किती ठेवायचं आणि पडदा किती वेळ उघडायचा हे उन्हाकडे बघून सांगता येतं. नवशिक्यांना माझा एकच सल्ला आहे: आधी क्षितिज बघा. माणसाच्या मानेतून क्षितिजाची रेघ गेली की फोटोत त्याचं डोकं तबकात ठेवल्यागत दिसतं. मी तसे पुष्कळ शिरच्छेद केलेले आहेत.

या खेपेला माझ्याकडे नवं हत्यार होतं. मुंबईहून मागवलेली लाल काच. सातपुडा दिवसा नेहमी निळसर धुरकटात असतो आणि साध्या फोटोत तो पार पुसला जातो. भिंगापुढे लाल काच लावली, आणि आत सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म असली, की धुरकट कापलं जातं, आकाश गडद होतं आणि लांबचे डोंगर पुढे येतात. पुस्तकात तसे नमुने होते, आणि ते पाहून मी भाळले होते. माझी जुनी पिवळी काच हेच काम सौम्यपणे करते. ती मी घरीच ठेवली. मोठी तोफ मिळाल्यावर पिचकारी कोण बरोबर घेतो?

धुळ्याहून दोंडाईचापर्यंत मोटार मिळते. पेट्रोलची टंचाई असल्यामुळे हल्ली ती कोळशाच्या गॅसवर चालते. मागे शेगडी बांधलेली असते, आणि चढ आला की क्लीनर उतरून ती ढवळतो. चढ फारसे नाहीत, तरी तो तीनदा उतरला. पांढरं पातळ नेसून जाऊ नका. दोंडाईच्याहून रेल्वेने नंदुरबार. स्टेशनाजवळ धर्मशाळा आहे, स्वच्छ आहे, अंथरूण आपलं न्यावं. खाणावळीत कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा मिळतो. ठेचा मागून घेऊ नका, तो न मागताच वाढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर मिरचीच्या पथारी बघायला गेले. नजर पोचेल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि बायका फळीने ती खालीवर करत होत्या. पहिल्या पाच मिनिटांत मला इतक्या शिंका आल्या की कॅमेऱ्याची तिपाई उभी करणं अवघड झालं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर घेतला, म्हणजे पुढची मिरची मोठी येते आणि मागची बारीक होत जाते, नजर आपोआप आत शिरते. लाल काच लावून पाहिली. काम करणारी एक बाई फळी टेकून उभी राहिली.

"बाई, फोटोमा लाल रंग येस का?"

मी म्हटलं, "नाही. सगळं काळं-पांढरं येतं."

"मंग मिरचीना फोटो काय कामना? लोके म्हनतीन, कोयसा वाळत टाका."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि तीन फोटो काढले.

नंदुरबारहून शहाद्याला जाताना प्रकाशा गावाजवळ तापी आडवी येते. नावेत माणसं, शेळ्या आणि एक सायकल असे आम्ही पार झालो. घाटावरची देवळं पाण्यात छान दिसतात. दुपारी मात्र ऊन डोक्यावर असतं आणि दगड सपाट येतात, तेव्हा जायचं तर सकाळी जा. शहाद्याला सुंदरचे सासरे दमणी घेऊन आले होते. बैल चांगले, रस्ता वाईट. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि मधूनच ऊस. उत्तरेला सातपुडा होता, पण आहे असं म्हणायचं इतकाच.

कळसाडीला माझी सोय ओसरीवर झाली. सुंदरची सासू हिरामाय, ठेंगणी, कामाची आणि कमी बोलणारी. मी विधवा, आणि सुनेच्या शुभकामासाठी आलेली, याचा तिने मनात काय हिशेब केला ते कळलं नाही. जेवायला मात्र तिने मला आपल्या शेजारी बसवलं आणि भरताचा मोठा वाटा माझ्या ताटात वाढला.

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात. सुंदर हिरवं लुगडं नेसून आली. सगळे दागिने अंगावर, कपाळावर चिंचोक्याएवढं कुंकू. ती आधी सरळ, हात खाली, शाळेत कवायतीला उभी राहायची तशी उभी राहिली. मी तिला चौकटीच्या एका बाजूला घेतलं, म्हणजे दुसऱ्या बाजूला डोंगराला जागा राहील. हातात कापसाची ओटी धरायला दिली. माणसाच्या हाताला काम दिलं की चेहरा सुटतो. कॅमेरा जरा खाली घेतला, त्यामुळे डोंगराची रेघ तिच्या मानेतून न जाता खांद्याखालून गेली. ती आणि डोंगर दोघंही रेखीव हवे म्हणून छिद्र बारीक केलं, सोळावर. लाल काच पुष्कळ उजेड खाते, त्यामुळे पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागणार होता.

"सुंदर, श्वास रोखून धर. रामदास समोर उभा आहे असं समज."

"बाई, मंग त मन्हं डोकं खालेच जाई," ती म्हणाली, आणि जे हसू आलं ते विरायच्या आत मी खटका दाबला.

आपलं काम जमलं की ते हाताला कळतं. मला कळलं.

दुपारी फिल्म धुतली. हिरामायच्या धान्याच्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटींत पोती कोंबली की मिट्ट काळोख. परातीत औषध, परातीत पाणी, आणि ज्वारीच्या कणगीला टेकून मी फिल्म वरखाली करत बसले. वाळवून दुसऱ्या दिवशी उन्हात छापायचा कागद फिल्मखाली चौकटीत घातला आणि घराच्या मातीच्या गच्चीवर, धाब्यावर ठेवला. चित्र हळूहळू वर आलं. तसा फोटो मी आजवर काढला नव्हता. आकाश गडद, सातपुड्याची एकेक सोंड वेगळी, आणि पुढे हसायच्या बेतात असलेली सुंदर. मी तो तीन-चार वेळा न्याहाळला. मला त्यात काही उणं दिसलं नाही.

खाली आणून हिरामायच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला. तिचा चेहरा उतरला. सुंदरने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि तिचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला. कुंकू होतं. बोटाला लागलं.

फोटोत नव्हतं. कपाळ स्वच्छ, मोकळं, पुसल्यासारखं.

"मन्हा आंडोर, मन्हा रामदास जित्ता शे, बाई," हिरामाय म्हणाली.

नंतर तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिने ती खाली घेतली. तेव्हा मला समजलं की मला उणं का दिसलं नाही. सात वर्षं आरशात मी असंच कपाळ बघते आहे. माझ्या डोळ्यांना ते पुरं वाटतं.

कारण सांगणं सोपं होतं. मिरचीचा फोटोही छापला आणि शेजारी ठेवला. लाल काचेतून लाल रंग जसाच्या तसा आत जातो, फिल्मवर तो उजळ उमटतो, आणि मिरची पांढरीशुभ्र आली होती. तशीच गत कुंकवाची. उजळ कातडीत उजळ टिकली विरघळून गेली. सासऱ्यांना हे पटलं. ते म्हणाले, "काचना दोस शे, बाईना नही." हिरामायने मान हलवली. तिलाही पटलं होतं, पण त्याने तिचं काही भागत नव्हतं. लढाईवर असलेल्या माणसाच्या हातात त्याच्या बायकोचा असा फोटो पडायचा, त्याने तो उशाशी ठेवायचा, आणि इथे आपण रोज पोस्टमनची वाट बघायची. मी तिच्या जागी असते तर मीही पाठवला नसता.

कॅमेऱ्यात आता दुसरी फिल्म होती, आणि घरच्यांचे फोटो काढून तिच्यावर एकाच फोटोचं घर शिल्लक होतं. लाल काच काढली तर कुंकू येईल, गडद येईल, पण धुरकटात डोंगर जाईल. पिवळी काच असती तर दोन्ही थोडं थोडं मिळालं असतं. ती धुळ्याला कपाटात होती. मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "रामदासने डोंगर मुद्दाम मागितलाय."

"डोंगर आठेच शे," हिरामाय म्हणाली. "तो कोठे जास?"

सुंदरकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि शेताच्या वाटेला लागली.

हा फोटो सगळ्यांचे येतात तसाच आला. ती आता हसली नाही. मागे शेत संपतं तिथे नुसतं पांढरं, जणू पुढे जगच नाही. कपाळावर काळा ठसठशीत ठिपका. मला वाटलं, काळा म्हणून पुन्हा काही निघेल. हिरामायने बोटाने तो चाचपला.

"कायं का व्हयेना, पन शे ना!"

मग तिने पहिल्या फोटोची फिल्म मागितली. आवाज चढवला नाही, हात पुढे केला फक्त. मी कात्रीने तेवढा तुकडा कापून दिला आणि छापलेला कागदही दिला. तिने दोन्ही चुलीत टाकले. फिल्म एकदम भडकली आणि क्षणात संपली. मला वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिने मागितलं नसतं तर मी तो फोटो कोणाला तरी दाखवला असता, हेही तितकंच खरं.

परतीचा प्रवास आला तसाच. प्रकाशाला या वेळी सकाळी पोचले, देवळांवर तिरपं ऊन होतं, आणि फिल्म संपलेली होती. क्लीनर चारदा उतरला.

धुळ्याला आमचं हौशी छायाचित्रकारांचं छोटं मंडळ आहे. दर महिन्याला जमतो, एकमेकांच्या चुका काढतो. तिथे मिरचीचे फोटो दाखवले. पहिलाच फोटो पाहून आमचे वकील सदस्य म्हणाले, "वा, कापूस सुरेख आलाय हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. नंदुरबारची ती फळीवाली बाई असती तर तिने ठसका लागेपर्यंत हसून घेतलं असतं.

उन्हाळ्यात सुंदर माहेरच्या लग्नाला जाताना माझ्याकडे उतरली. रामदासचं पत्र आलं होतं, फोटो पोचला होता. तो खुशाल होता. फोटो आवडला का, असं मी विचारलं; विचारताना मला डोंगरच आठवत होता.

"आवडना," ती होकारार्थी मान हलवत म्हणाली. "डोंगर दिसना नही म्हनीसन त्यास्नी सोता पेन्सिलघाई काढा. मन्हा मांगे. पुरा."

"पेन्सिलने? आणि न बघता? बरोबर आला का तो?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"डोंगर त्यास्ले पाठ शे, बाई."