सासूबाईंबरोबर ज्वालामुखी उतरताना

लग्न ठरवताना माझ्या बायोडाटात छंद म्हणून तीन गोष्टी लिहिल्या होत्या. वाचन, रांगोळी आणि ट्रेकिंग. पहिल्या दोन खऱ्या होत्या. तिसरी माझ्या आत्याने घातली होती, कारण मुलाची आई पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई आहेत आणि दर हिवाळ्यात मुलींना किल्ल्यांवर नेतात, असं तिच्या कानावर आलं होतं. पुराव्याला सिंहगडावरचा माझा एक फोटोही जोडला होता. त्या दिवशी आम्ही वरपर्यंत गाडीने गेलो होतो आणि मी कड्याच्या बाजूला फिरकलेही नव्हते, हे फोटोत दिसत नव्हतं.

मला उंचीची भीती वाटते. गच्चीच्या कठड्याजवळ गेले की तळपायांना घाम सुटतो. सातवी-आठवीत असताना सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर पैज लावून चढले आणि वर जाऊन अडकले. खाली सगळी मुलं हसत होती. वॉचमनने खांद्यावर टाकून उतरवलं. तेव्हापासून ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. लग्नानंतर नवऱ्यालाही नाही. चार वर्षं काही ना काही कारण काढून मी निभावलं होतं. कधी पाय मुरगळलेला असायचा, कधी ऑफिसचं काम असायचं.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहत होतो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, वर्क परमिटवर. दोन हजार सात-आठच्या सुमाराला सासूबाई निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. मला वाटलं होतं की आता दर शनिवारी डोंगर चढावे लागणार. झालं उलटंच. त्या घराबाहेर पडायला तयार नसत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मेट्रोने शहरात घेऊन निघाले, तर स्टेशनवरूनच परतल्या. "गुडघे दुखतायत गं. तू जाऊन ये." त्यानंतर बाजार म्हटलं की गुडघे, मॉल म्हटलं की गुडघे. घराजवळच्या पार्कात मात्र रोज सकाळी तासभर चालायच्या, तेही माझ्यापेक्षा भराभर. त्यामुळे मी मनाशी ठरवून टाकलं की यांना माझ्याबरोबर जायचं नसतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मग मे महिन्यात नवऱ्याने एक पत्रक आणलं. एका कोच कंपनीची एक दिवसाची सहल होती: एडिंबरा शहराच्या मधोमध असलेला आर्थर्स सीट नावाचा विझलेला ज्वालामुखी गाईडबरोबर चढायचा आणि संध्याकाळी घरी. त्याने ते आईपुढे धरलं. मी आतून निर्धास्त होते, कारण उत्तर ठरलेलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. "कोच इथूनच सुटते का? मध्ये कुठे मेट्रो-बिट्रो नाही ना?"

"नाही. आपल्या लायब्ररीसमोरून सुटते, थेट डोंगराच्या पायथ्याशी."

"मग जाऊ या की."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"बघू. चढणीला इतके नाही दुखत."

तीन तिकिटं काढली. आदल्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी बिघडलं आणि शनिवारी त्याला कामावर बोलावलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी जा. ट्रेकिंगवाल्या तुम्हीच आहात." आता माघार कशी घ्यायची ते मला सुचेना. पाय याआधी दोनदा मुरगळून झाला होता.

शनिवारी पहाटे उठून सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, ओढणी आडवी बांधलेली आणि पायात पुण्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट. कोचमध्ये तीसेक माणसं होती, बहुतेक निवृत्त इंग्रज जोडपी. आमचा गाईड उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ होता. रस्ता समुद्राच्या कडेने जात होता. सासूबाई खिडकीतून बघत होत्या आणि मी मनातल्या मनात कारणं तयार करत होते. डोकं दुखतंय म्हणावं का? की मळमळतंय?

पायथ्याशी राणीचा राजवाडा आहे आणि थोडं पुढे एक तळं, त्यात राजहंस. तिथे गाईडने सगळ्यांना उभं करून सांगितलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून लाव्हा बाहेर पडला, मग हा ज्वालामुखी थंड झाला, आणि आता तो जागा होण्याची अजिबात शक्यता नाही. सगळे हसले. सासूबाईंनी वाकून वाटेवरचा एक दगड उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "हा आपलाच काळा दगड आहे. आमच्या शाळेचं कंपाउंड याचंच आहे." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मळमळीचं कारण माझ्या तोंडातून निघालंच नाही.

सुरुवातीची वाट सोपी होती. दोन टेकाडांच्या मधून हिरवळीवरून जाणारी, दोन्हीकडे काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली. त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येत होता. दरी कुठे दिसत नव्हती, म्हणून मीही नीट चालत होते. मग दगडी पायऱ्या लागल्या. मी समोरच्या कॅनव्हासच्या बुटांवर नजर ठेवून चढत राहिले. शेवटचा टप्पा उघड्या खडकांचा होता. हजारो लोकांच्या पायांनी ते गुळगुळीत झालेले. तिथे हातांचा आधार घेत कशीबशी माथ्यावर पोचले.

वर वारा इतका होता की जॅकेट फडफडत होतं. लोक माथ्यावरच्या दगडी खांबापाशी उभे राहून फोटो काढत होते. गाईड हात पसरून म्हणाला, "तो बघा समुद्र." आणि मी पाहिलं. समुद्राच्या अलीकडे सगळं शहर खाली पसरलेलं होतं, आणि ते आणि मी यांच्या मध्ये काहीच नव्हतं. मी खाली बसले. बसले म्हणजे पाय गेलेच. दोन्ही हातांनी एक खडक धरला आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. गाईडने आता उतरायचंय अशी हाक दिली. लोक निघाले. मला उठता येईना. उठायचं असं मनात आणलं तरी खडक हलल्यासारखा वाटे.

"काय गं, बरं वाटत नाही का?" सासूबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा मी डोळे किलकिले केले.

"जरा चक्कर आली."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. "ही चक्कर नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू घाबरलीयस."

मला रडू फुटलं. "आई, मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. मी एकही ट्रेक केलेला नाही. ते बायोडाटात आत्याने लिहिलं होतं."

"आणि सिंहगडाचा फोटो?"

"गाडीने गेलो होतो."

 मी मान खालीच घातली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. "बरं. आता आपण उतरणार आहोत. मी सांगीन तेवढंच करायचं. शाळेतल्या दर सहलीला अशा दोन-तीन मुली असायच्याच. एकीलाही वर सोडून आले नाही."

तेवढ्यात गाईड परत आला आणि त्याने मला धरायला हात पुढे केला. सासूबाईंनी त्याला थांबवलं. घरात दूधवाल्यालाही इंग्रजीत उत्तर द्यायला लाजणाऱ्या बाई ठणकावून म्हणाल्या, "आय ॲम स्पोर्ट्स टीचर. थर्टी टू इयर्स. यू गो फ्रंट. वी कम स्लोली." तो मान डोलावून चार पावलं पुढे गेला. पण तिथून तो लांब गेला नाही. आमच्या खाली राहून, मागे वळून बघत, आमच्याच वेगाने उतरत राहिला.

"दरीकडे बघू नकोस. माझ्या बुटाकडे बघ. फक्त बुटाकडे. आता खडकाकडे तोंड कर. दोन हात आणि एक पाय टेकलेला ठेवायचा, दुसरा पाय खाली सोडायचा. सापडली जागा? दाब त्याच्यावर. आता दुसरा."

त्या माझ्या एक पायरी खाली होत्या. जिथे मला जागा सापडत नव्हती तिथे माझा पाय हातात धरून खाचेत नेऊन ठेवत होत्या. सासूच्या हातात पाय देण्याची एरवी वाटली असती ती लाज त्या वेळी वाटली नाही. एका ठिकाणी उभं राहवेना, तेव्हा म्हणाल्या, "बस आणि घसर. पँट धुता येते." मी लहान मुलीसारखी बसून घसरले. वर चढणारी कॉलेजची मुलंमुली बाजूला होऊन आम्हाला वाट देत होती. कोणी हसलं नाही. एक जण म्हणाली, "यू आर डूइंग ग्रेट," आणि तिचं म्हणणं मला अगदी खरं वाटलं.

खडक संपले, मग पायऱ्या संपल्या. हिरवळ लागली तसं सासूबाईंनी माझा हात सोडला. "झालं. आता पडलीस तरी गवतावर पडशील."

मी खरंच गवतावर आडवी झाले. छातीतली धडधड हळूहळू कमी होत गेली. पाठीखाली जमीन सपाट होती, आणि ती सपाट आहे याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. शिवाय आता लपवायचं काही उरलं नव्हतं. गाईडने विचारलं, "ऑल राइट?" मी पडल्या पडल्याच मान हलवली. तो म्हणाला की तासाभराने कोच सुटेल, सावकाश या, आणि तळ्याकडे गेला.

सासूबाईंनी डबा उघडला. मी चार पुऱ्या खाल्ल्या. पाचवी हातात घेतली तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"म्हणजे?"

"दुखत नाहीत. कधीच दुखले नाहीत. त्या मेट्रो स्टेशनवर तो सरकता जिना आहे ना, मला त्याच्यावर पाय टाकता येत नाही. तू पुढे टाकून निघून गेलीस. मी वर उभी. पायऱ्या एकेक करून पोटात गेल्यासारख्या खाली जातायत आणि मागे माणसं थांबलेली. बत्तीस वर्षं पोरींना उड्या मारायला शिकवलं, आणि एक पाऊल टाकता येईना. काय सांगणार तुला? म्हटलं, गुडघे."

"म्हणून तुम्ही कुठेच येत नव्हतात?"

"सगळीकडेच असतो तो. मॉलमध्येही असणार."

"मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर यायला आवडत नाही."

त्या आता माझ्याकडे वळल्या. "वेडी आहेस का? मला वाटायचं, तुलाच म्हातारीला घेऊन फिरायचा कंटाळा आलाय. दुसऱ्यांदा आग्रहच केला नाहीस कधी."

मग आम्ही दोघीही हसलो. बराच वेळ हसलो. मी त्यांना सांगितलं की त्या स्टेशनवर लिफ्ट आहे, तिकिटाच्या मशीनच्या पलीकडे. "लिफ्ट आहे?" त्या म्हणाल्या. "तीन महिने मी घरात बसले."

तळ्यापाशी आलो तेव्हा निम्मी मंडळी बाकांवर बसून थर्मासमधला चहा पीत होती. आमच्या मागच्या सीटवरच्या एका आजींनी मला शेजारी जागा करून दिली आणि हळूच विचारलं, वर फार वारा होता का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की त्या अर्ध्यापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत, राजहंसांना बघत बसल्या, दर वेळी असंच करतात. "ज्याला चढायचंय तो चढतो," त्या म्हणाल्या आणि मला एक बिस्कीट दिलं. इतकं सोपं असतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

परतताना कोच सुरू झाल्या झाल्या मी सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. जाग आली तेव्हा त्या त्याच आजींना पुरी कशी करतात ते हातवारे करून सांगत होत्या, आणि चटणीची पुडी आजींच्या मांडीवर होती.

घरी नवऱ्याने चहा टाकून ठेवला होता. "कसा होता ज्वालामुखी?"

सासूबाई बूट काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडलंय, हे मला कळलं.

"मला उंचीची भीती वाटते," मी म्हणाले. "वर जाऊन अडकले. आईंनी उतरवलं."

तो कप हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, आता तो चार वर्षांची एकेक कारणं आठवून विचारणार. त्याने एवढंच विचारलं, "फार वाटते?"

"फार."

"मग ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडची ती केबल कार नको. मी सोमवारी बुक करणार होतो." त्याने कप माझ्यापुढे धरला. "बोटीने जाऊ या का कुठेतरी?"

"बोट चालेल," मी म्हणाले आणि चहा घेतला. चहा फार गोड झाला होता. मी तो सगळा प्यायले.