वाढत्या अंगाची खुर्ची

कोऱ्या रेक्झिनचा वास आला, की मला बारामतीचं ते शिबिर आठवतं. मान न धरणाऱ्या माझ्या नातीला तिथं आधाराची खुर्ची मिळणार होती. तोवर ती माझ्या छातीला टेकून जेवायची. पाठ, कंबर, मांडी अशी टेपनं मापं घेणाऱ्या बाईंना मी शिंप्याला सांगावं तसं ठसक्यात सांगितलं, "बाई, जरा वाढत्या अंगाचं घ्या." त्या हसल्या. "आजी, हा काय फ्रॉक आहे का? खुर्ची अंगाबरोबरच हवी, नाहीतर पोर कलंडेल." झालं! आमच्या सणसर गावापर्यंत अख्ख्या एसटीला मी ते अंगाबरोबरच्या खुर्चीचं ऐकवत आले, जणू शालूच बेतून आणला होता. खुर्ची आली ती दोन दिवाळ्या उलटून गेल्यावर. आणि मी शहाणी, माप बघायचं सोडून नव्या ट्रॅक्टरसारखी तिची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर नारळ, आळीला पेढे. मग सगळ्यांदेखत नातीला बसवायला गेले, तर तिची कंबर दोन्ही दांड्यांमध्ये शिरेचना. लगेच शिबिरवाल्यांना फोन लावून बदलून मागितली, तर म्हणाले, "पुढच्या शिबिरात या, नवीन मापं घेऊ." आळी पेढे चघळत घरी गेली. नात तेवढी हाराकडे बघत अडखळत म्हणाली, "आजे, हिला बी वाढायला सांग की." ती आजही माझ्या छातीला टेकूनच जेवते. ती खुर्ची काही वाढली नाही, आणि ही म्हातारी खुर्ची दर साली आकसत चालली आहे.