यादीतून गेलेलं नाव

भीड ही भिकेची बहीण, असं आई मला लहानपणापासून बजावत आली. मी ऐकलं असतं तर पुढचे कित्येक महिने धास्तीत काढले नसते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नवरा औषधांच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता आणि आमचं भाड्याचं घर अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कॅरी शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका खेडेवजा गावात होतं. मी तिथल्या वाचनालयात अर्धवेळ काम करायचे. वडील गेल्यापासून आई नागपुरात एकटी होती, त्यात न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलती एक. तिला कायमची इथं आणायची तर आधी मला इथली नागरिक व्हायला हवं होतं. ग्रीनकार्डवर आईसाठी अर्ज करता येत नाही. माझा नागरिकत्वाचा अर्ज भरायला अजून वर्ष बाकी होतं.

शेजारी सत्तरीच्या एक गोऱ्या विधवा बाई राहायच्या. मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणायचे. त्या भागातल्या मतदारांची नोंदणी त्यांच्याकडे होती. काम सरकारी, पण घराण्यात चालत आलेलं. आधी त्यांचे वडील करायचे. एका दुपारी काकू एका हातात केक आणि दुसऱ्या हातात कार्डांची लाकडी पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तुझं नाव अजून यादीत नाही," त्या म्हणाल्या. सूर असा, की जणू बोलावूनही मी हळदीकुंकवाला गेले नव्हते.

"मी पर्मनंट रेसिडेंट आहे," मी म्हटलं.

"पर्मनंट ना? मग झालं तर."

मलाही झालंच वाटलं. नागपुरात निवडणुकीआधी कुणीतरी दारात यायचं, घरात माणसं किती ते विचारून जायचं आणि नावं यादीत चढायची. इथलंही तसंच असणार, असं मी धरून चालले. काकूंनी माझं कार्ड भरायला घेतलं आणि मध्येच विचारलं, "पक्ष कुठला लिहू?"

नोंदणी करतानाच पक्ष सांगायचा, हे मला नवीन होतं. गाढव एका पक्षाची खूण, हत्ती दुसऱ्याची, एवढंच मला ठाऊक होतं. दोघांत फरक काय, असं मी विचारलं, तर काकूंनी मला घराण्याची कुळकथाच सांगितली. त्यांचे आजोबा गुलामी राखण्यासाठी लढणाऱ्या फौजेत होते आणि हरून घरी आले. जिंकणारे हत्तीवाले. तेव्हापासून त्यांच्या घरात गाढव. हत्तीवाल्यांच्या घरी मुलगी द्यायची नाही, त्यांच्या दुकानात जायचं नाही. मी मान डोलावत होते. जात म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आता मात्र माझे दोन्ही मुलगे हत्तीला मत देतात," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी मीही दिलं. कार्डावर गाढवच ठेवलंय, वडिलांसाठी."

"मग बदललं काय?"

"पक्ष बदलला. नको ती माणसं आत आली."

कोण माणसं, असं मी विचारलं. त्यांनी केकचा तुकडा कापून माझ्या ताटलीत ठेवला आणि हवेबद्दल बोलायला लागल्या. मला ते खटकलं होतं, हे मी आज सांगते. तेव्हा मी केक खाल्ला, गाढव सांगितलं आणि खालचा मजकूर न वाचता गाढवासारखीच सही ठोकली.

दोन आठवड्यांनी टपालानं पोचपावती आली. ती नवऱ्याच्या हातात पडली.

"हे काय आहे, यार? तू वाचलंस तरी का? आपण सिटिझन आहोत असं तू शपथेवर लिहून दिलंयस. हे आधी कॅन्सल कर."

वकिलाला फोन केला. तो शांत आवाजात म्हणाला, की नागरिकत्वाच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारू शकतात. नोंद सापडली तर अर्ज फेटाळला जाईलच, कदाचित देशही सोडावा लागेल. आणि रद्द करायला गेलात तर तुम्हीच त्यांच्या हातात पुरावा द्याल. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी तेव्हा भोगलं. पोस्टमनची गाडी थांबली की मी खिडकीचा पडदा ओढायचे. शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी आमच्या रस्त्यावरून हळू गेली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. निवडणूक जवळ आली तशा काकू रोज कुंपणावरून सांगायच्या, "तुला माझ्याच गाडीतून नेणार." मतदानाच्या दिवशी मी तापाचं सोंग करून पडून राहिले. त्याच आठवड्यात आईचा शेजाऱ्यांकडून फोन आला. हाड जुळलं होतं, पण चालता येत नव्हतं. "कधी येऊ गं?" एवढंच तिनं विचारलं. मी फोन ठेवला आणि तशीच शेजारी गेले.

काकूंना सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पेटी उघडून त्यांनी माझं कार्ड काढलं आणि दोनदा वाचलं.

"कचेरीतली प्रत मी मंगळवारी काढते. मला तिथं कुणी विचारत नाही."

"पण कुठंतरी खूण राहील ना?"

"नाव असं काढायचं असतं, की ते कधी नव्हतंच. वडिलांनी शिकवलंय मला. त्यांनी पुष्कळ काढली."

लोणचं मुरवायची रीत सांगावी, तशा सहज त्या बोलल्या. मला धक्का बसायला हवा होता. लिहिताना लाज वाटते, पण मला फक्त हायसं वाटलं.

मंगळवारी काम झालं. बुधवारी मी वाचनालयात ही बातमी सांगितली ती माझ्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला. आम्ही एकाच टेबलावर बसायचो आणि माझी धास्ती तिला पहिल्यापासून ठाऊक होती. मी अगदी रंगवून सांगितलं, काकूंचं वाक्यही जसंच्या तसं. ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. तिचा हात थांबला.

"माझ्या आजोबांच्या घरात हत्ती होता," ती म्हणाली. "हत्तीनं गुलामी संपवली म्हणून. वडील गाढवाकडे गेले, कारण पुढं गाढवानं आम्हाला आत घ्यायला सुरुवात केली. वडील मास्तर होते. नोंदणीला गेले तेव्हा, काळ्यांना अडवायला ठेवलेली परीक्षा म्हणून, त्यांच्याकडून राज्यघटना वाचून घेतली, लिहून घेतली. एक चूक नाही. नाव लागलं. मतदानाच्या दिवशी कोट घालून रांगेत उभे राहिले. टेबलावरच्या माणसानं पेटी चाळली आणि सांगितलं, या नावाची नोंद नाही, कधी नव्हतीच."

"कोण होता तो माणूस?"

"गावात टेबल एकच होतं. तुझ्या त्या शेजारणीचे वडील."

मी माफी मागितली. कशाची, ते मला नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, "तुझी आई येऊ दे. पण हे मला सांगायला नको होतंस."

वर्ष सरल्यावर मी अर्ज भरला आणि मुलाखतीच्या दिवशी उजवा हात वर करून शपथ घेतली. मतदार म्हणून कधी नोंदणी केली होती का, असं अधिकाऱ्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं फाइल पाहिली, मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मी सुटले.

आई आली. तिला घरात करमेना, म्हणून मी तिला एकदा चाकांच्या खुर्चीतून वाचनालयात नेलं. मैत्रिणीनं स्वतः उठून दार धरलं, आईच्या मांडीवरची शाल नीट केली, आमच्यासाठी चहा केला. आई तिच्याकडे कौतुकानं बघत राहिली.

"किती भली बाई आहे गं," आई म्हणाली. "विचार तिला, तिचे आईवडील कुठं असतात?"

मी विचारलं. मैत्रिणीनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आई माझ्याजवळ असते. वडील गेले, म्हणून सांग. एकदाही मत न देता गेले."

आई उत्तराची वाट बघत होती. मी तिला मराठीत सांगितलं, की आई हिच्याजवळ असते आणि वडील गेले.