आधी मी, मग बाकीचे

"आधी मी, मग बाकीचे!"

असं म्हणून उजव्या हाताचं बोट हवेत उभं करणारा म्हातारा तुम्हाला गणपतीच्या जेवणावळीत भेटला, तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. हा गृहस्थ श्रीखंडाच्या पातेल्याकडे निघालाय, आणि याच्या मागे उभा राहणारा आज उपाशी घरी जाणार.

चंदिगडात आम्ही मराठी माणसं म्हणजे वरणात चुकून पडलेले शेंगदाणे. मंडळाच्या गणपतीला नांदेड, नागपूर, कोल्हापूर एका हॉलमध्ये जमतं, प्रत्येक जण आपापल्या जिल्ह्याचं मराठी बोलतो आणि सगळ्यांची मुलं मिळून हिंदीत उत्तर देतात. त्या वर्षी हे काका नवे होते. जावई हवाई दलात, त्याची बदली इकडे झाली, म्हणून मुलगी वडिलांना घेऊन आलेली. मोहालीत आमच्याच सोसायटीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर.

त्यांच्या जबड्याखाली, डाव्या बाजूला, एक काळपट डाग होता. आमच्या हिला डाग दिसला की औषध सुचतं. पहिल्याच भेटीत ही म्हणाली, "काका, त्यावर कोरफड लावून बघा."

"वहिनी, कोरफडीचं सगळं शेत लावलंत तरी जायचा नाही," काका म्हणाले. "तिथे माझं व्हायोलिन टेकायचं. ते माझं ओळखपत्र आहे."

तर असे हे काका. हयातभर मुंबईत सिनेमांना व्हायोलिन वाजवलं. गाण्यांना कमी, पार्श्वसंगीताला जास्त. नायिकेनं पत्र फाडलं, नायकाच्या छातीत गोळी लागली, आंधळी बहीण देवळात गेली, की मागे जो व्हायोलिनांचा समुद्र उसळतो ना, त्यातला एक थेंब म्हणजे काका. चाळीस व्हायोलिनं, तिसरी रांग, खांबाजवळची खुर्ची. सिनेमाच्या नामावलीत नाव कधीच नाही.

"एक व्हायोलिन रडलं तर लोक विचारतात, काय झालं," ते सांगायचे. "चाळीस रडली की कोणी काही विचारत नाही. रुमाल काढतात."

मला हे पटलं नव्हतं. मी म्हटलं, काका, रडवतो तो नट. त्यांनी वाद घातला नाही. एका रविवारी आमच्याकडे टीव्हीवर एक नायक आईच्या मांडीवर प्राण सोडत होता, आमची ही आणि शेजारच्या ढिल्लों आंटी दोघी मिळून पदर-ओढणी भिजवत होत्या. काकांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी तो नायक मरेनासाच झाला. नुसता तोंड उघडून मिटत होता. दुसऱ्यांदा पुरी वाढली नाही म्हणून आईपाशी तक्रार करतोय असं दिसत होतं. आंटी आधी फुसकन हसल्या, मग ही, मग मी सोफ्यावरून खाली. काकांनी आवाज पुन्हा सुरू केला, आणि आम्ही तिघं हसता हसता असे रडलो की त्या संध्याकाळी सुखना तळ्याचं पाणी दोन बोटं वाढलं. विश्वास नसेल तर आंटींना विचारा.

"डोळे नुसते गळतात हो," काका रिमोट ठेवत म्हणाले. "रडतो तो कान."

आणि ते "आधी मी, मग बाकीचे"? त्याचा उलगडा मला पुढे एकदा गच्चीवर झाला. नंतर मात्र तो उलगडा मंडळातल्या प्रत्येकाला इतक्या वेळा झाला की काही जण त्यांना बघून जिना बदलायचे.

त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे सगळे वादक एका हॉलमध्ये, एकाच वेळी. एक चुकला की चाळीसही पुन्हा पहिल्यापासून. समोर संचालक हात उगारून उभा, त्याच्यासमोर पडद्यावर सिनेमाचा तुकडा चालू, आणि वादकांची पाठ पडद्याकडे. म्हणजे अख्ख्या देशाला रडवणाऱ्यांना आपण कशासाठी रडवतोय हेच दिसायचं नाही!

"त्या दिवशी मला दिसलं," काका म्हणाले. "संचालकाच्या चष्म्यात."

चष्म्याच्या काचेत, मोहरीएवढी, एक आई बसली होती. मुलगा परत येणार नाही हे तिला कळलेलं. त्याच्यासाठी वाढलेलं ताट समोर. ती ते ताट झाकणार, आणि झाकता क्षणी चाळीस गज एकदम तारांवर पडणार, असं ठरलेलं. काका त्या मोहरीएवढ्या बाईकडे बघत राहिले. संचालकाचा हात अजून वरच होता, आणि यांचा गज आपोआप चालला.

श्वासभर आधी. एकटा. मग बाकीचे.

संचालकानं चष्म्यावरून यांच्याकडे पाहिलं. काकांना वाटलं, संपलं, आता पुन्हा चाळिसांना वाजवावं लागणार आणि हे सगळे मला जिन्यात गाठणार. पण संचालक नुसता म्हणाला, "टेक ओके." का म्हणाला, ते काकांना कधी कळलं नाही.

सिनेमा चालला. खेडोपाडी चालला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी रुमालांच्या गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या, आणि हे मात्र मी वाढवून सांगत नाही, त्यांनीच वाढवलंय. पण ती जागा ऐकू आली फक्त एका माणसाला. काकूंना. अंधारात त्यांनी काकांच्या बरगडीत कोपर मारलं आणि हळूच म्हणाल्या, "आलात."

पुढे टीव्हीवर तो प्रसंग लागला की प्रत्येक वेळी कोपर, प्रत्येक वेळी "आलात." काकू गेल्या तेव्हापासून काका स्वतःच बोट वर करून, "आधी मी, मग बाकीचे" म्हणत, भेटेल तिथे स्वतःची वर्दी द्यायचे.

मुलीला हे आवडायचं नाही. "बाबा, पुरे आता," ती चारचौघांत म्हणायची. "एक सूर चुकला होता तुमचा. लोक लपवतात, तुम्ही मिरवता."

आणि मग बातमी आली. तो जुना सिनेमा धुऊनपुसून, रंग-आवाज नवा करून पुन्हा लागणार होता, आमच्याच इथल्या मॉलमध्ये. मंडळात आनंदीआनंद. मी अख्खी रांग बुक केली. खरडहून कॉलेजची पोरं येणार, पिंजौरचे जोशी येणार. एकट्या काकांनी चहासुद्धा अर्धा ठेवला.

"आवाज स्वच्छ केलाय म्हणतात," ते मला म्हणाले. "स्वच्छ म्हणजे नक्की काय काढतात हो?"

"खरखर काढतात, काका. जुन्या फितीची."

"हं." बोटानं कपाची कड पुसत बसले. मग म्हणाले, "आणि मी? मला संगीतात धरतात, का खरखरीत?"

मी जन्माचा थापाड्या, पण त्या वेळी नुसता त्यांचा कप पुन्हा भरून दिला.

सिनेमाच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. शेजारी मुलगी, तिच्या पलीकडे आमची ही, मग मी, मग आंटी, मग महाराष्ट्र. मध्यंतरात सगळ्यांनी खाल्लं, काकांनी नाही. मग तो प्रसंग आला. आई भिंतीएवढी. समोर ताट. हॉल चिडीचूप.

काकांचं बोट वर गेलं.

काही वाजलं नाही.

बोट तसंच वर. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, त्या बोटाकडे बघत होतो.  काढलं होतं हो त्यांना! खरखरीबरोबर झाडून काढलं होतं. ती श्वासभर जागा इतकी स्वच्छ होती की तिथे कोणी राहत होतं हे कुणाला कळलं नसतं.

आणि तेवढ्यात, नेमकी त्याच जागेवर, आमची ही हुंदका देऊन फुटली.

वर्षभर तिनं ती गोष्ट ऐकली होती, तिच्या कानाला तिथे रडायची सवय लागली होती. तिच्यापाठोपाठ मी, मग जोशी, मग खरडची ती मिशा फुटलेली दांडगी पोरं. अख्खी रांग! ढिल्लों आंटी दचकून म्हणाल्या, "की होया जी? थाली ते अजे ढकी वी नहीं!" ताट अजून झाकायचंच होतं ना!

तेव्हा कुठे पडद्यावरच्या आईनं ताट झाकलं, चाळीस व्हायोलिनं एकदम कोसळली, आणि उरलेलं थिएटर रडायला लागलं. आमच्यानंतर.

बोट अजून वरच होतं. मुलीनं ते धरून खाली घेतलं. मग तिचं कोपर वडिलांच्या बरगडीला लागलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"आलात, बाबा," ती म्हणाली.

काकांनी नाक ओढलं. "टेक ओके," म्हणाले, आणि माझ्या मांडीवरचे पॉपकॉर्न घेऊन तळाशी जाईपर्यंत खाल्ले.

पुढच्या उन्हाळ्यात जावयाची बदली झाली, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. हवाई दलाच्या घरात हे चालायचंच. खोकी कधी पुरती उघडायचीच नसतात. आम्ही सगळे चंदिगड स्टेशनवर पोचवायला गेलो. हिनं धपाटे बांधून दिले, आंटींनी पिन्नीच्या लाडवांचा डबा दिला. काका खिडकीजवळ बसले, मांडीवर व्हायोलिनची जुनी पेटी.  सिग्नल लाल होता. गार्ड फलाटावर कुणाशी तरी गप्पा मारत होता.

काकांनी बोट वर केलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि हात हलवायला सुरुवात केली.

आमची ही रडायला लागली. मग मी. मग बाकीचे.

गाडी अजून जागची हललीही नव्हती.